एका बुंध्याचं रान: कास, वासोटा, हेळवाक, चांदोली

पहिला दिवस: सातारा ते बामणोली

फेब्रुवारीच्या शेवटी कास पठारावर फुलाचा मागमूस नसतो. गवत वाळून पिवळं पडलेलं, कातळ तापलेला. सप्टेंबरात जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही तिथे एक गुराखी आणि त्याच्या म्हशी, एवढीच वर्दळ. मी आणि ताई फुलांसाठी आलोच नव्हतो. आम्हाला जुनं रान पाहायचं होतं, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागलेली नाही असं. आणि त्याच धारेवर आज जिथे तोड चालू आहे तेही पाहायचं होतं.

ताई कराडला राहते, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. कराड-चिपळूण रस्ता तिच्या गॅलरीतून दिसतो. दिवाळी सरली की त्या रस्त्याने रात्री कोकणातून लाकडाचे ट्रक वर येऊ लागतात, ते थेट पावसाळ्यापर्यंत. वर ताडपत्री, मागे लाल फडकं. "हे सगळं कुठल्या डोंगरावरचं येतं ते एकदा जाऊन बघायचंय," असं ती बरीच वर्षं म्हणत होती. यंदा निघालो.

कासहून थोडं आत घाटाई देवीची देवराई आहे. उन्हातून राईत पाऊल टाकलं आणि अंगावरचा घाम तिथेच वाळला. अंजनी, जांभूळ, पिसा, पारजांभूळ, मधूनच हिरडा. वरती फांद्या इतक्या गुंतलेल्या की ऊन जमिनीवर नाण्यांएवढंच पडतं. मांडीएवढे जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले, खाली घोटाभर पाचोळा, आणि तो पायाने बाजूला केला की काळी, ओलसर माती. फेब्रुवारीत, डोंगरमाथ्यावर, ओलसर.

इथे ताईने मला पुढच्या सगळ्या प्रवासाची किल्ली दिली. म्हणाली, "वर बघू नकोस, बुंध्याकडे बघ." जुन्या रानात झाड जमिनीतून एकटं वर येतं, एकाच बुंध्याचं. एकदा तोडलं की खुंटाला फुटवे येतात आणि एका मुळावर चार-पाच काठ्या उभ्या राहतात. दहा-बारा वर्षांनी लांबून पाहिलं तर डोंगर पुन्हा हिरवा दिसतो, आणि तोडणारा म्हणतो, बघा, रान आलं परत. पण त्या काठ्यांना ढोली नसतात, त्यांच्या सालीवर शेवाळ आणि आमरीची फुलं धरत नाहीत, आणि त्यांच्या खाली अशी माती साठायच्या आत पुढची तोड येते. अंजनीसारखं चिवट, सावकाश वाढणारं झाड एवढं जाड व्हायला किती काळ लागला असेल, याचा अंदाज बांधायलाही ताई तयार नव्हती.

देवळात दिवा लावायला आलेल्या एक मावशी भेटल्या. "राईतली वाळकी काटकीसुदिक कुणी घरी न्हेत न्हाई," त्या म्हणाल्या. "चुलीला लागली तरी गडाच्या खालनं आणू, पण हितली न्हाई." ताईच्या शिक्षकांच्या पिढीत पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात अशा देवराया हिंडून नोंदवल्या. तिकडे समुद्राजवळ, श्रीवर्धनच्या भागात, गाणी गावची राई तोडीला निघाली होती. गावचं पाणी त्या राईतून येत होतं, म्हणून गावकरीच मदत मागायला पुढे आले. ताई ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगायची.

आज देवरायांना कुऱ्हाडीइतकाच धोका जीर्णोद्धाराचा आहे, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. जुनं कौलारू देऊळ पाडून मोठा सभामंडप, मग गाड्यांसाठी रस्ता, मग वाहनतळ, आणि प्रत्येक वेळी राईच्या कडेची दोन-चार मोठी झाडं. निधी आणणाऱ्याची पाटी लागते. गेलेल्या झाडांची नोंद कुठे राहत नाही.

जाणाऱ्यांसाठी: राईत शिरताना चप्पल बाहेर काढायची रीत आहे, ती पाळा. साताऱ्यातच पेट्रोल भरून घ्या आणि पाणी बरोबर ठेवा. कास ते बामणोली रस्ता वळणावळणाचा आहे. अंधार पडायच्या आत उतरलेलं बरं. बामणोलीत राहायला साध्या खोल्या मिळतात, जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. आम्हाला नाचणीची भाकरी, तळलेला जलाशयातला मासा आणि लसणीचा खर्डा मिळाला. खर्डा वाढताना काकूंनी "जपून" म्हटलं ते योग्यच होतं.

दुसरा दिवस: वासोटा

सकाळी कोयनेच्या शिवसागर जलाशयावर इतकं धुकं होतं की धक्क्यावरून पलीकडचा डोंगर दिसत नव्हता. वनखात्याची परवानगी, ओळखपत्रं, नाव ठरवणं, हे सगळं तासाभरात झालं. नाव चालवणारे दादा पन्नाशीचे, कानटोपी आणि स्वेटर घालून बसलेले. दीड तासाच्या प्रवासात त्यांनी बोट दाखवून पाण्याखालची गावं सांगितली. इथे अमुक देऊळ, इथे आमची खाचरं, इथे बाजाराची वाट. कोयना धरण साठच्या दशकात भरलं, त्यांचा जन्म त्यानंतरचा. हे सगळं त्यांनी वडिलांकडून ऐकलेलं, पण बोट अचूक वळत होतं.

मी जंगलाचं विचारलं तर म्हणाले, "ताई, आमचा आज्जा कोळसा पाडायचा. ठेकेदाराची माणसं यायची, डोंगरच्या डोंगर भट्टीत जायचा. आत्ता जे तुमाला दाट दिसतंय, त्यातलं लई रान त्यावेळी उघडं व्हतं." मग जरा थांबून, "पर कड्याखालचं न्हाई. तिकडं बैल जात न्हवता, म्हणून ऱ्हायलं."

हे वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं, कारण चढताना ते जसंच्या तसं डोळ्यांसमोर आलं. वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला मेट इंदवली गाव होतं. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, पुढे गाव उठलं. आता तिथे झाडांमधून जुने बांध आणि घरांची जोती दिसतात. त्या बांधांवरचं रान तरुण आहे, सरळसोट, एकाच वयाचं. ओढा ओलांडून मारुतीपाशी आलो आणि चढ लागला, की हळूहळू बुंधे बदलायला लागतात. दोघींच्या कवेत न मावणारे बुंधे, त्यांच्या पायाशी भिंतीसारखी मुळं, गारंबीचे वेल. आणि सावली अशी की अकरा वाजता फोटो अंधुक येत होते.

वाटेत शेकरू दिसलं. आधी फक्त आवाज, खर्रर्र करून कुणी रहाट फिरवावा तसा. मग तांबूस अंग आणि झुपकेदार शेपूट, एका झाडावरून सरळ दुसऱ्यावर. ताईने मला त्याच्या वाटेकडे बघायला लावलं. ते जमिनीवर उतरलंच नाही. शंभरेक पावलं अंतर वरच्या वरच फांद्यांवरून गेलं. जिथे मधली दोन झाडं तोडली जातात तिथे शेकरूचा रस्ता तुटतो. गाव तुटायला पूल पडावा लागतो, याला दोन झाडं पुरतात.

माथ्यावर महादेवाचं देऊळ, पाण्याचं टाकं, आणि पलीकडे बाबूकडा. कड्याच्या टोकाशी वाकून बघायचं धाडस माझ्याने झालं नाही, पण पश्चिमेकडे सगळं कोकण उघडं होतं. धुकं विरलं होतं. आमच्या पायाखालचा उतार काळा-हिरवा, एकसलग. जिथे अभयारण्याची हद्द संपून मालकीच्या जमिनी लागतात तिथून रंग बदलतो: हिरवा, मग पिंगट चौकोन, पुन्हा हिरवा, मग तांबडी माती उघडी पडलेला लांब पट्टा, त्यातून नागमोडी नवा रस्ता. ट्रकसाठी काढलेला रस्ता. आमच्या वाटाड्याने सांगितलं, "तिकडं समदं मालकीचं. सरकारी लई कमी." रत्नागिरी जिल्ह्यातली गोष्ट अशीच आहे: जंगल भरपूर, पण ते जवळजवळ सगळं खाजगी जमिनीवर. समुद्रावरून आलेला पाऊस आधी त्या उतारावर चढतो, मग आमच्या कोयनेत आणि वारणेत उतरतो. धार एक, पाऊस एक, आणि मधून एक हद्द.

वाटाड्याने गवतात खरवडलेली रुंद पट्टीही दाखवली, जाळरेषा. वणवा लागला तर तो पलीकडे उडी मारू नये म्हणून गवत आधीच काढून, जाळून ठेवतात. फेब्रुवारी ते मे ही माणसं डोंगरावर धूर कुठे दिसतो का, एवढंच बघत असतात.

जाणाऱ्यांसाठी: वासोटा पावसाळ्यात बंद असतो. ओळखपत्राची प्रत लागते. प्लास्टिकच्या बाटल्या आमच्याकडून मोजून घेतल्या आणि परतताना पुन्हा मोजल्या, हे फार चांगलं आहे. संध्याकाळच्या आत नाव परतावी लागते, त्यामुळे नागेश्वरचं गुहेतलं देऊळ आणि वासोटा एकाच दिवशी करायचं असेल तर पहिली नाव पकडा. महाशिवरात्रीला नागेश्वरला कोकणातून चोरवण्याच्या वाटेने भाविक चढून येतात. तेव्हा शांतता हवी असणाऱ्यांनी जाऊ नये.

तिसरा दिवस: हेळवाकच्या वर

बामणोलीहून परत सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण आणि कोयनानगर. सकाळ त्यातच गेली. रस्त्याकडेला काटेसावरी आणि पांगारा लाल फुलले होते. दुपारी कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी चहा घेतला. चहाच्या टपरीसमोरच लाकडाचे तीन ट्रक उभे होते. एका चालकाशी ताई बोलली. एक ट्रक वीटभट्टीला, एक कारखान्याच्या बॉयलरला, एक वखारीला. कागद होते, वाहतूक पास होता, त्याने स्वतःहून काढून दाखवले. मी हे मुद्दाम लिहिते, कारण जंगलतोड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रात्रीचा चोर येतो. तसे चोर आहेत, खैराच्या तोडीत तर नक्कीच आहेत. पण आम्ही जी तोड पाहिली ती दिवसाढवळ्या, परवानगीने, मालकाच्या सहीने चाललेली होती.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. ताईचा एक जुना विद्यार्थी तिथला, त्याने चुलत्यांकडे नेलं. चुलते पंचावन्नच्या आसपासचे. ताईला ते पहिल्यापासून "बाई" म्हणत होते, मला "धाकट्या ताई". जेवायला तांदळाची भाकरी आणि पावट्याचं कालवण होतं. वहिनींनी मीठ-मिरची लावलेली करवंदं बरणीतून काढून दिली. जेवण झाल्यावर म्हणाले, "चला, दावतो काय चाललंय ते. लपवायचं काय हाय त्यात."

तासभर चढल्यावर कटर मशीनचा आवाज आला. आधी वाटलं खाली रस्त्यावर मोटारसायकल आहे. मग एक लांब चर्रर्र, एक क्षण काहीच नाही, आणि झाड पडल्याचा आवाज, जो कानापेक्षा तळपायाला आधी कळला. उतार खालून वर असा सोलत आणला होता. तोडणाऱ्या टोळीची पालं ओढ्याकाठी. एक बाई चुलीवर भात शिजवत होती, तिचं मूल ढलप्यांचे मनोरे रचत होतं. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, हिरडा. सरळ ओंडके एका बाजूला, ते इमारती. वाकडं, बारीक, पोकळ ते दुसऱ्या बाजूला, जळाऊ.

त्या जळाऊच्या ढिगाजवळ ताई बराच वेळ उभी होती. तिथे एक जुनं झाड आडवं होतं, मधून पोकळ, वरच्या अंगाला हातभर उंचीची ढोली. इमारतीला ते कामाचं नाही, म्हणून भाव सगळ्यात कमी. धनेशाला मात्र नेमकं तेच लागतं. या दिवसांतच मादी अशा ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, आणि एवढीशी फट ठेवते. नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना उंबराची फळं भरवतो. ही ढोली रिकामी होती, आम्ही आत हात घालून पाहिलं. पण फुटव्यांच्या रानात अशी ढोली तयार व्हायला माणसाचं एक आयुष्य पुरणार नाही. आणि धनेश नसला की मोठ्या बियांची झाडं दुसऱ्या डोंगरावर जाणार कशी?

व्यवहार कसा होतो तेही चुलत्यांनी सांगितलं. ठेकेदार रान "उक्तं" घेतो. झाडं मोजत नाही. उतार बघतो, एक आकडा सांगतो. सातबारा सामाईक, त्यावर भाऊ, चुलत भाऊ, आत्या. निम्मे मुंबईत. त्यांचा धाकटा भाऊ वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. परवानगीची धावपळ, सह्या गोळा करणं, सगळं ठेकेदारच करतो. मालकाच्या हातात रोख येते. त्यांची मुलगी नर्सिंगला आहे.

"बाई, मला झाडाची माया न्हाई असं समजू नका," ते म्हणाले. "पर ह्या डोंगरात काय पिकतंय? वरी, नाचणी. ती बी डुकरं आन्‌ गवं ठेवत न्हाईत. दहा-बारा वर्सांनी एकदा रान इकलं तर हातात पैसा दिसतो. तुमी म्हणाल तोडू नका. मग पोरीची फी कोण भरणार, ते सांगा."

ताईने त्यांना उपदेश केला नाही. तिने विचारलं, वस्तीला पाणी कुठून येतं? ते आम्हाला आणखी वर घेऊन गेले. माथ्याखाली एका घळीत झरा, त्यावर सत्तर-ऐंशी जुन्या झाडांची राई, बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. तिथून काळा पाइप खाली वस्तीपर्यंत. ही राईही त्याच सातबाऱ्यात, आणि म्हणून त्याच उक्त्या सौद्यात.

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. हिरडा, आंबा, फणस, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ अशी ठरावीक जातींची झाडं तोडायला मालकालाही परवानगी लागते. पण कायदा झाड बघतो. हा ऐन, हा किंजळ, इतका घेर. या घळीत ती सगळी मिळून काय आहेत, त्यांच्याखाली पाणी आहे का, त्यांच्यातली किती एका बुंध्याची आहेत, याला अर्जात रकाना नाही. १९९६ मध्ये वनरक्षणाच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला मोठा लगाम घातला. माधव गाडगीळांच्याच पश्चिम घाट समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, त्यानंतर कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून निघतो, मुदत संपते, पुन्हा निघतो. सहावा मसुदा जुलै २०२४ मध्ये आला. एवढ्या काळात एका रानाची तोड होऊन फुटवे दुसऱ्या तोडीला तयार होतात.

परतताना चुलते एकदम म्हणाले, "आमाला कोअर, बफर, नोटिसा. आन्‌ तिकडं जावळीकडं जमिनी बघायला मोटारीच्या मोटारी येत्यात." कोअर-बफर म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा गाभा आणि त्याभोवतीचा पट्टा. त्यांच्या बोलण्यात राग होता आणि तो मला रास्त वाटला. नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पात सुरुवातीलाच सातारा, जावळी, पाटण भागातली २३५ गावं घेतली होती. कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीतली जमीन खरेदी २०२४ मध्ये गाजली. ज्यांनी रान राखलं त्यांना सांगायचं की दगड हलवू नका, आणि बाहेरच्याला रस्ता, वीज, पाणी; असं चालत राहिलं तर गावातल्या कुणालाही उभ्या झाडाची किंमत पटवून देता येणार नाही.

रात्री अंगणात ताईने आज्ञापत्राची आठवण काढली. रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडाबद्दल लिहिताना बजावलं आहे की रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. आणि एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर धन्याला राजी करून, पैसे देऊन घ्या. समुद्रावरच्या राज्याला जहाजाचं लाकूड किती लागत असेल! तरी आधी झाडाच्या धन्याचा विचार केला. आज त्याच्या पुढे एक पाऊल टाकायला हवं: जुनं झाड उभं ठेवल्याबद्दल धन्याला पैसे. धरणांचं पाणी, वीज, खालच्या बागायती, हे सगळं या धारेवरच्या सावलीवर चालतं. ऊसवाल्याने आणि शहराने त्याची किंमत द्यावी. एकट्या डोंगरातल्या माणसाने पोरीची फी सोडून ती का द्यावी?

चुलते ऐकत होते. "असं कुणी देणार असंल तर आजच कागद करतो," म्हणाले.

चौथा दिवस: कराडमार्गे वारणावती

दिवस रस्त्याचा. कराडला घरी कपडे बदलले, उंडाळे, शेडगेवाडी, कोकरूड करत आरळ्याकडे निघालो. वाटेत ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी. या पट्ट्यात येऊन तो न खाता जाणं योग्य नाही. वारणेच्या काठाने ऊस, गुऱ्हाळाचा वास, मग हळूहळू डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. वारणावतीला रात्री चांगलीच थंडी होती. एक पांघरूण जास्त न्या.

संध्याकाळी वसाहतीतल्या एका आजोबांशी गप्पा झाल्या. त्यांचं मूळ गाव आता चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या आत. "आमी भाईर आलो, जनावर आत ऱ्हायलं," इतकंच ते आधी बोलले. मग म्हणाले, गावदेवीची राई आम्ही तीन पिढ्या राखली, आता ती कशी आहे बघायलासुद्धा परवानगी काढावी लागते. त्यांना राई तोडायची नव्हती. त्यांना ती आपली म्हणून सांगायची होती. अजूनही पाटण तालुक्यातले मळे, कोळणे आणि पाथरपुंज इथले लोक पुनर्वसनाची वाट बघत वर्षानुवर्षं अर्धवट बसले आहेत. पाथरपुंजला वारणा उगम पावते, आणि पावसाच्या आकड्यांत ते गाव हल्ली चेरापुंजीच्या शेजारी छापून येतं.

पाचवा दिवस: चांदोली

चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, गाभा आणि बफर धरून ११६५ चौरस किलोमीटर. वाघ दिसायची अपेक्षा ठेवून जाऊ नका. आम्हाला झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळ पठारावर, गव्यांचा कळप दिसला, सकाळच्या उन्हात, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. गाडीकडे त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गवतात घातली.

सड्याखालच्या दऱ्यांत जी झाडी आहे ती पाहून ताई वासोट्यापेक्षाही जास्त खूश झाली. एका बुंध्याची, वेगवेगळ्या वयांची, मेलेली झाडंही जागेवर उभी. उभ्या मेलेल्या झाडावर सुतार पक्ष्याची भोकं, आडव्या पडलेल्यावर अळंबी आणि रोपांची रांग. बाहेर याला वाळकं लाकूड म्हणून आधी उचलतील. इथे ते रानाच्या उपयोगी पडत होतं.

गाइडने एक मधलं झाड दाखवलं, नरक्या. त्याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं, कर्करोगाच्या औषधांना लागतं, म्हणून सह्याद्रीत ते चोरून तोडतात. फांद्या नाही, मुळासकट. "ह्याचा व्यापारी गावात येतो तेव्हा किलोवर पैसे देतो," गाइड म्हणाला, "आणि पोरांना माहीतही नसतं ते कुठं जातं." त्याच दरीत वर कुठेतरी मलबारी राखी धनेश ओरडला, हसल्यासारखा. मग दोन दिसले, उंबराच्या शेंड्यावर. नर एकेक फळ चोचीत घेऊन दरीपलीकडे जात होता आणि परत येत होता. ताईने घड्याळ लावून त्याच्या फेऱ्या मोजल्या. मादी नक्की आत बसलेली असणार, असं ती म्हणाली.

जाणाऱ्यांसाठी: परवानगी वारणावतीच्या वनकार्यालयात मिळते, गाइड घ्यावाच लागतो आणि घ्यावाच. स्थानिक मुलं आहेत, झाडं नावाने ओळखतात, त्यांना मोकळेपणाने विचारा. पावसाळ्यात उद्यान बंद. दुर्बीण न्या, भडक कपडे नकोत. आत खायला काही मिळत नाही. आम्ही भडंग आणि दशम्या नेल्या होत्या.

परत आल्यावर ताईने हेळवाकच्या चुलत्यांना फोन केला. खालचा उतार पूर्ण तुटला होता, लाकूड गेलं होतं. झऱ्यावरची राई त्यांनी सौद्यातून काढायला सांगितली, ठेकेदाराने त्यासाठी रक्कम कमी केली. वाशीच्या भावाला ते अजून मान्य नाही; त्याचं म्हणणं, फीचा दुसरा हप्ता जूनमध्ये आहे. ताईने कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्यांची एक वर्गणी सुरू केली आहे, राईच्या वाट्याची तेवढी रक्कम कुटुंबाला भरून द्यायची आणि बदल्यात दहा वर्षं तोड न करण्याचा साधा करार सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांनी करायचा. आत्यांची सही झाली आहे. भावाला भेटायला आम्ही येत्या रविवारी वाशीला जाणार आहोत.